शिवरात्रीची पाळी

माळपिंपरीत शिवलिंगप्पा मापाड्याच्या काट्यावर कुणी कधी तंटा केला नाही. कापसाचा जमाना होता तेव्हा सोसायटीच्या काट्यावर तोच, पुढं सोयाबीन आलं तेव्हाही तोच, आणि एकोणीस सालच्या दुष्काळात सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली तेव्हा तिथंही खुर्ची टाकून बसलेला माणूस तोच. त्याची एक खोड होती. माल विकायला आलेल्या गरिबाकडं त्याचं माप जरा झुकायचं. कुणी बाईमाणूस डोक्यावर हिरवा चारा घेऊन आली आणि छावणीतल्या पोरानं पेंढी झटकायला उचलली, की अप्पा लगेच म्हणायचा, "राहू दे. आलं तसं ठेव." मुळांना चिकटलेल्या चिखलाचेही पैसे मग सोसायटीच्या डोक्यावर बसायचे. चेअरमन अर्जुनराव यावरून कधीमधी कुरकुर करायचे, पण मतांच्या वेळी हीच माणसं लागतात हे त्यांनाही ठाऊक होतं.

ह्या झुकत्या मापावर अख्खं गाव अप्पाला देवमाणूस म्हणायचं. म्हणू द्या. देवमाणसाच्या पोटात काय होतं ते आता सांगतो.

गावाबाहेर वढ्याच्या काठाला गोसाव्यांचा मठ आहे. तिथं गहिनीनाथबाबा राहायचे. शिवरात्रीला कुठून कुठून साधू यायचे, धुनी पेटायची आणि चिलीम फिरायची. त्या चिलमीपुरता गांजा गावातलं एकेक घर पाळीनं पिकवायचं. उभ्या पिकात मधोमध चार-सहा झाडं, बस्स. पाऊस पडायच्या सुमाराला बाबा ज्याची पाळी त्याच्या हातात चिमूटभर बी ठेवायचे, शिवरात्रीच्या आधी माल मठात पोचायचा, आणि वर्षभर त्याचं नाव कुणी काढायचं नाही. ही पद्धत निजामाच्या काळापासूनची आहे असं म्हातारे सांगायचे. पुढं कायदा कडक झाला. गावानं काय केलं? पद्धत तशीच ठेवली आणि बोलणं तेवढं बंद केलं. पाळीचं गड्यांनीच बघायचं, बायकांच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं. जसं काही बायकांना नाकच नाही. आणि ज्या घरात गडी नाही त्या घराला पाळीच नाही.

छावणीच्या त्या साली पाळी अप्पाची होती. पावसानं अशी दडी मारली की श्रावणातच त्याच्या विहिरीचा तळ दिसला. बाबांना जाऊन सांगायचं, अवंदा जमत नाही म्हणून. दोन शब्दांचं काम. पण अप्पाच्या बापानं, आज्यानं कधी पाळी चुकवली नव्हती, आणि सोसायटीचा मापाडी मठाला रिकाम्या हातानं गेला असं लोक बोलतील, ह्या एका भीतीनं त्याला झोप येईना. गावात पाणी राहिलं होतं ते एकट्या तुळजाबाईच्या बोअरला. तुळजाबाईचा नवरा मरून बरीच वर्षं झाली होती, लेक नांदायला गेली होती, आणि ती एकटी रानातच पत्र्याच्या खोलीत राहून दोन म्हशी आणि चाऱ्यासाठी पेरलेलं एकरभर कडवळ सांभाळायची.

अप्पा तिच्याकडं गेला. आधी पावसाचं बोलला, मग म्हशींचं बोलला, आणि शेवटी बियाची पुडी काढून तिच्यापुढं ठेवली. देवाचं काम आहे म्हणाला. कडवळाच्या मधोमध लाव, कुणाला दिसायचं नाही, शिवरात्रीच्या आधी मी येऊन नेतो म्हणाला. आणि हेही म्हणाला, की हे तुझ्यामाझ्यातच राहू दे.  अप्पानं तिचा माल जोखताना कधी हात आखडला नव्हता, आता त्याला नाही कसं म्हणायचं, असं ती म्हणाली आणि पुडी पदराला बांधली.

शिवरात्र आठवड्यावर आली होती. छावणीत दुपारी फोन आला, की पोलिसांना काटा पाहिजे, मापाडीही पाठवा, पंच म्हणून सही लागेल. पोलिसांकडं स्वतःचा काटा नव्हता. अप्पानं काटा टेम्पोत चढवला आणि बसला. वाळूची गाडी धरली असेल असं त्याला वाटलं. टेम्पो तुळजाबाईच्या वाटेला वळला तसं त्यानं ड्रायव्हरला विचारलं, वाट चुकली का म्हणून.

कडवळ तुडवलेलं होतं. बांधावर उपटलेल्या झाडांचा ढीग, आणि त्याच्या बाजूला तुळजाबाई हात बांधून उभी. फौजदार तरुण होता. वाईट माणूस म्हणावा असा नव्हता तो. उन्हानं आणि वरच्या साहेबांच्या फोननं वैतागलेला होता. महिन्याला इतक्या केसेस दाखवा म्हणून वरून तगादा, आणि खबर तर कुणीतरी बरोब्बर पोचवली होती. झाडं कुणाची म्हणून त्यानं तिला परत एकदा विचारलं. तुळजाबाईनं अप्पाकडं बघितलं. एकदाच बघितलं.

"माझी हायत," ती म्हणाली.

 त्या वेळी अप्पानं तोंड उघडलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण त्याची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच, आणि हात मात्र सवयीनं काटा मांडायला लागले.

आदल्याच दिवशी तिनं कडवळ भिजवलं होतं. आपली काळी माती ओली झाली की कशी धरते ते काय सांगायचं? एकेका झाडाच्या मुळाला ढेकूळच्या ढेकूळ लटकत होतं. एका हवालदारानं दोन झाडं उचलली आणि झटकायला बांधाकडं वळला. आणि अप्पाच्या तोंडून, ज्या तोंडून आत्तापर्यंत एक शब्द निघत नव्हता, त्याच तोंडून निघालं, "राहू द्या. आलं तसं ठेवा."

हवालदारानं ठेवलं. मुळ्या, देठ, पाला, चिखल आणि खाली ओलं पोतं. काटा एकवीस किलोवर जाऊन थांबला. तुळजाबाई शांत उभी होती. काट्यापाशी अप्पा आहे म्हटल्यावर आपलं वाईट होणार नाही, अशी तिची खात्री होती. फौजदारानं आकडा दोनदा वाचून घेतला, बाजूला जाऊन फोन लावला, आणि त्याचा आवाज एकदम खुलला. अप्पानं पंचनाम्यावर सही केली. जीप निघताना तुळजाबाई एवढंच म्हणाली, की म्हशींना पाणी पाजा.

वीस किलोची रेघ अप्पाला माहीत नव्हती. ती त्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळली. वीसच्या आत असतं तर आज ना उद्या जामीन झाला असता. वीसच्या वर गेलं की तो धंद्याचा माल, मग जामीन विसरा, दहा वर्षांच्या खाली शिक्षा नाही. टपरीवरचा माणूस हे सांगत होता आणि अप्पाच्या हातातला चहा गार होत होता. गरिबाच्या बाजूनं झुकलेल्या मापानं गरिबालाच आत घातलं होतं.

आणि शिवरात्र? झाली की. साधू आले, धुनी पेटली, चिलीम भरली. कुणीतरी बाजारातून पुडी आणली होती, परराज्यातून ट्रकनं येतो तो माल. एका पुडीला कुणी अडवलं नाही. अप्पा त्या रात्री मठात गेला नाही, पण चिलमीचा वास वाऱ्यानं त्याच्या अंगणापर्यंत आला आणि त्यानं उठून दार लावून घेतलं.

त्यानं बायकोला, नीलम्माला, सगळं सांगितलं. नीलम्मा रडली, मग डोळे पुसून म्हणाली, की तुम्ही बोललात तर तिच्या शेजारच्या कोठडीत तुम्ही जाल, त्यानं ती सुटणार आहे का? बियाणं तुमचं निघालं म्हणून तिच्या रानातली झाडं गायब होत नाहीत. बोलणं खरंच होतं. अप्पानं ते घट्ट धरून ठेवलं. रोज सकाळी उठून तेच मनाशी घोळायचा, आणि रोज ते थोडं कमी पटायचं.

म्हशी छावणीत नेऊन बांधल्या होत्या, छावणी उठली तशा त्या बाजारात गेल्या. बोअरवरची मोटार कुणीतरी सोडून नेली. अप्पा एकदा फराळाचा डबा घेऊन जेलच्या दारापर्यंत गेलता, पण आत नाव लिहून द्यावं लागतं म्हटल्यावर डबा तिथल्या भिकाऱ्याला देऊन माघारी आला. असा हा देवमाणूस. मधे रोगाची साथ आली, कोर्टं बंद पडली, तारखा पुढं गेल्या. केस उभी राहिली तेव्हा बावीस साल उजाडलं होतं.

साक्षीचं समन्स आलं तसा अप्पा घाटनांदूरला सुंदरराव वकिलांकडं गेला. तुळजाबाईला सरकारकडून मिळालेले वकील तेच होते. सरकारी पक्षाच्या साक्षीदारानं आरोपीच्या वकिलाकडं जायचं नसतं, आणि सुंदररावांनी ते त्याला दारातच सुनावलं. तरी पायरीवर बसलेला म्हातारा उठेना म्हणून त्यांनी चहा मागवला, आणि केसचं सोडून दुसरं बोलू म्हणाले. दुसरं म्हणून जे बोलले ते तेच होतं.

सुंदरराव तापट माणूस. कॅनडात हा माल दुकानात मिळतो म्हणाले, वय विचारतात, कर घेतात, पावती देतात. थायलंडनं ह्याच साली मोकळं केलं. अमेरिकेत ह्या राज्यात दुकान आणि शेजारच्या राज्यात जेल. आणि आमची माउली कडवळात सहा झाडं लावली म्हणून तीन वर्षं आत. अप्पानं विचारलं, की मग आपल्याकडंही मोकळं का करत नाहीत? त्यावर सुंदररावांनी त्याला कापूस एकाधिकाराची आठवण दिली. कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा असा कायदा एकट्या आपल्या राज्यानं केला होता. सीमेपलीकडं भाव वाढला की काय व्हायचं?

अप्पाला ते सांगायची गरज नव्हती. इथं काटा रिकामा पडायचा आणि कापसाला पाय फुटून तो पलीकडं जायचा, नाक्यावर हवालदार जाडे व्हायचे आणि धरला जायचा तो बैलगाडीवाला.

"तेच," सुंदरराव म्हणाले. "एका देशानं एकट्यानं दार उघडलं की शेजारचा माल तिकडं धावतो, तिकडचा इकडं येतो, आणि लगेच ओरड होते की बघा, मोकळं केलं म्हणून बिघडलं. बंदी घालताना सगळे देश एका टेबलाभोवती बसले होते, सह्या केल्या होत्या. आता सोडायचं तर पुन्हा एका टेबलाभोवती बसायला पाहिजे. परवाना एक, माप एक, कराची रीत एक. मग चोरून न्यायचं कुणी आणि कशाला? दारूइतकंच सांभाळून विका म्हणावं, व्यसनी असेल त्याला दवाखाना द्या. पण ते कोण करणार? मोठ्यांना घाई नाही. घाई फक्त आत बसलेल्याला असते."

"ते व्हईल तवा व्हईल," अप्पा म्हणाला. "तुळजाबाईचं काय?"

सुंदररावांनी त्याच्याकडं नीट बघितलं. कायद्यानं गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, मुळ्या आणि चिखल नव्हे, एवढं एकच वाक्य ते बोलले. मग म्हणाले, कोर्टात खरं बोला, आणि आता जा.

खरं बोला. अप्पा एसटीत बसून तेच चघळत आला. खऱ्याचे दोन भाग होते. एक मापाचा आणि एक पाळीचा. दोन्ही बोलायचे, असं त्यानं त्या दिवशी ठरवलं, आणि साक्षीच्या सकाळी नीलम्माच्या पाया पडावं तसा वाकून तिचा निरोपही घेतला.  दोन धोतरं आणि टॉवेल तिनं पिशवीत घालून दिले, आत जावं लागलं तर असावेत म्हणून.

कोर्टात तुळजाबाई मागं बाकावर बसली होती. केस सगळे पांढरे. दुसरा पंच आजारी पडला होता, म्हणजे आजारी पडायचं ठरवून पुण्याला लेकाकडं गेला होता. सरकारी वकिलानं अप्पाकडून सही ओळखून घेतली, आकडा वदवून घेतला. मग सुंदरराव उठले. मुळ्या होत्या का? होत्या. माती? होती. पोतं ओलं होतं का? होतं.

"कुणी झटकलं नाही?"

"झटकू लागले हुते. म्याच नको म्हनलो," अप्पा म्हणाला. "छावणीत तसंच जोखतो मी. माती काढली असती तर निम्मंबी भरलं नसतं."

सरकारी वकिलाचा चेहरा उतरला. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. सुंदररावांना पाहिजे होतं ते मिळालं आणि ते खाली बसले. अप्पा पिंजऱ्यातच उभा राहिला. आता दुसरा भाग. त्यानं ओठ ओले केले, "साहेब," म्हणाला. न्यायाधीशांनी वर न बघताच सांगितलं, की विचारलं तेवढं झालं, उतरा खाली.

आणि तो उतरला. लाज वाटते सांगायला, पण उतरताना त्याला हलकं वाटलं. साहेबांनीच उतरा म्हटलं, आपण तर बोलणार होतो, असं तो एसटीत स्वतःला सांगत राहिला. मांडीवरच्या पिशवीत धोतरं तशीच घडीची होती. घरी पोचेपर्यंत ते हलकेपण पार नासलं.

निकाल लागला. धंद्याचा माल म्हणून लावलेलं कलम पडलं, झाडं लावल्याबद्दल जेवढी भोगली तेवढीच शिक्षा धरली, आणि तुळजाबाई घरी आली. गावात अप्पाचा जयजयकार. पोलिसांपुढं न डगमगता खरं बोलला म्हणून लोक घरी येऊन पाया पडू लागले. तुळजाबाईही आली. अंगणात उभी राहून म्हणाली, की उपकार झाले. अप्पाला तिच्याकडं बघवेना. त्यानं खाली मान घालून तिला बस म्हटलं, तोपर्यंत ती निघूनही गेली होती.

सोसायटीची वार्षिक सभा त्याच महिन्यात होती. अर्जुनरावांना निवडणूक दिसत होती. त्यांनी विषयपत्रिकेच्या आधी सत्कार ठेवला: प्रामाणिक मापाडी, शाल आणि श्रीफळ, आणि नारळ द्यायचा तुळजाबाईच्या हातानं. विधवा बाईला आपण स्टेजवर मान देतो, हेही त्यांनी भाषणात दोनदा सांगून घेतलं. गोदामात सगळं गाव खाली सतरंजीवर बसलेलं. अर्जुनरावांनी शाल अप्पाच्या खांद्यावर टाकली. टाळ्या वाजल्या. तुळजाबाई नारळ घेऊन पुढं आली आणि नारळ द्यायच्या आधी तिनं वाकून अप्पाच्या पायाला हात लावला.

तिथं अप्पाचं धरण फुटलं. त्यानं माईक ओढला.

"थांबा," तो म्हणाला. "ही शाल माझी न्हाई. त्या साली पाळी माझी हुती. बी म्या दिलतं हिला. मी उभा हुतो तितं, आन् गप ऱ्हायलो. साडेतीन वर्सं गप ऱ्हायलो."

मग तो थांबला. आता कल्ला होईल, कुणी धावून येईल, कुणी थुंकेल, ह्याची वाट बघत तो माईक धरून उभा राहिला. तसं काहीच झालं नाही. पहिल्या रांगेतल्या माणसानं खाकरून घसा साफ केला. कुणी पंख्याकडं बघायला लागलं, कुणी सतरंजीचा दोरा ओढायला लागलं. एकही माणूस दचकला नाही.

अर्जुनराव उठून त्याच्या कानाशी आले. हळूच बोलले, पण माईक चालूच होता.

"बसा अप्पा. कशाला उकरून काढता? पाळी कुनाची हे कुनाला म्हाईत न्हवतं? तुमच्यानंतर माझीच हुती की."

ते गोदामभर ऐकू गेलं.

तुळजाबाई नारळ हातात धरून तशीच उभी होती. तिनं आधी अर्जुनरावांकडं बघितलं. मग खाली बसलेल्या गड्यांकडं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेकाचं तोंड बघत गेली. तिच्या नजरेसरशी एकेक मान खाली जात होती. हे आपल्या दोघांतलं आहे, आपण बोललो तर अप्पा आत जाईल, एवढ्या एका गोष्टीवर तिनं जेलमधले सगळे दिवस काढले होते.

"समद्याला म्हाईत हुतं?" तिनं विचारलं.

अर्जुनरावांनी पुढ्यातले कागद सारखे केले.

"मंग म्या एवढी वर्सं कुनाला झाकत हुते?"

तिनं नारळ टेबलावर ठेवला. तो गडगडू नये म्हणून क्षणभर हातानं धरला, आणि सतरंजीच्या कडेकडेनं चालत गोदामाच्या दारातून बाहेर गेली. अप्पाला तिच्या मागं जायचं होतं. पण पुढं बसलेल्या माणसांनी वाट दिली नाही, कुणी मुद्दाम अडवलं असंही नाही, आपापल्या जागी बसून राहिले एवढंच. अर्जुनरावांनी चष्मा लावला आणि विषय क्रमांक एक वाचायला घेतला.